एका वाफ्यातली रोपे : सर्व्हरवर सॉफ्टवेअर लवकर कसे चढू लागले?

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, राजूर-भंडारदऱ्याच्या बाजूला, भात प्रत्येक खाचरात पेरत नाहीत. राब भाजलेल्या जमिनीच्या एका तुकड्यात रोपे तयार करतात आणि पाऊस लागला की आवणी करतात. बी रुजवण्याचे नाजूक काम एकाच जागी, नजरेसमोर होते. बाकी खाचरांत फक्त लावणी उरते. संगणकाच्या जगातही एका प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसे याच युक्तीपाशी येऊन पोचली. तो प्रश्न असा : सर्व्हरवर त्याचे व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअर चढवायला इतका वेळ का लागतो, आणि तो कमी कसा करायचा?

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणारा संगणक. त्यावर कोणाची खाती आहेत, टपाल कुठे ठेवायचे, राखीव प्रती कधी घ्यायच्या, हे सारे एका पडद्यावरून पाहता यावे यासाठी खास सॉफ्टवेअर असते. १९९७ साली आलेले वेबमिन हे त्याचे एक उदाहरण. असे सॉफ्टवेअर एकटे येत नाही. त्याला इतर अनेक आज्ञावल्यांचा आधार लागतो. त्यामुळे ते चढवताना वेळ तीन ठिकाणी जातो : सामान आणण्यात, ते त्या यंत्राजोगे घडवण्यात आणि यंत्राच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात.

कपाटातल्या फिती

१९४६ सालच्या एनिॲक या अमेरिकन संगणकाला नवे काम द्यायचे तर तारांची जोडणी बदलावी लागे आणि त्यात काही दिवस जात. इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅकने ही अडचण वेगळ्या प्रकारे सोडवली. डेव्हिड व्हीलर यांनी अवघ्या ३१ आज्ञांचा एक संच यंत्रातच कायमचा बसवला. बटण दाबले की तो संच कागदी फितीवरची आज्ञावली स्वतःच वाचून घेई. शिवाय वारंवार लागणाऱ्या गणितांच्या फिती तयार करून कपाटात लावून ठेवलेल्या असत. लागेल ती फीत काढायची आणि तिची नक्कल आपल्या फितीत जोडायची. एकदा केलेले काम पुन्हा करायचे नाही, हा धडा संगणकाच्या बालपणीच मिळाला होता.

जुहूहून अमेरिकेपर्यंत

पुढे सॉफ्टवेअर दुरून येऊ लागले, आणि ते आणण्याचा वेळ मोठा ठरला. मुंबईला जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतूनच पुढे आलेली. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातली ती एक महत्त्वाची संस्था होती. १९८९ च्या सुमारास तिथून अमेरिकेशी जोडणी झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट.

हा वेग म्हणजे किती, याचा हिशोब करू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १,२०० बाइट. १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी भरेल एवढी माहिती आणायला सुमारे २० मिनिटे. ६५० मेगाबाइटच्या सीडीएवढी माहिती आणायची तर, ओळ एकदाही न तुटता आणि दुसऱ्या कोणी न वापरता, साडेसहा दिवस! संगणक कितीही वेगवान घेतला तरी या साडेसहा दिवसांत एका तासाचीही घट झाली नसती. अडथळा यंत्रात नव्हताच, तो वाटेत होता.

त्यावर एक साधा तोडगा निघाला. पीसी क्वेस्ट या मासिकाने मार्च १९९६ च्या अंकासोबत लिनक्सची सीडी वाचकांना दिली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. त्यांचा जन्म बर्लिनचा, पण ते वाढले बेळगावात. लिनक्स ही सर्व्हरसाठी उत्तम आणि मुक्तपणे वाटता येणारी प्रणाली. ती टेलिफोनच्या तारेने ओढून आणणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या हाती ती पोस्टाने किंवा पेपरच्या स्टॉलवरून पोचली.

घडवणे आणि सांगणे

सामान आले तरी घडवण्याचे काम उरे. आज्ञावलीचा मूळ मजकूर मिळे आणि प्रत्येकाने तो आपल्या यंत्रावर भाषांतरित करायचा. त्यात तासन्‌तास जात. म्हणून आधीच घडवलेल्या पुड्या वाटण्याची पद्धत रूढ झाली. पण एका पुडीला दुसरी लागे, दुसरीला तिसरी. ही साखळी माणसाने शोधायची, हा मोठा ताप होता. मार्च १९९९ मध्ये आलेल्या डेबियनच्या २.१ या आवृत्तीत ॲप्ट नावाचे साधन होते. ते ही साखळी स्वतः शोधून सर्व पुड्या आणू लागले. विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एका फाइलीत आधीच लिहून ठेवण्याची सोयही निरनिराळ्या प्रणालींत आली. आता माणसाने पडद्यासमोर बसून राहण्याची गरज उरली नाही.

जुने बी चालेल का?

जवळ साठा ठेवला की वेग येतो, पण साठा शिळा झाला तर? २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा किडा इंटरनेटवर सुटला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका त्रुटीवर तो जगत होता. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित संगणकांची संख्या दुप्पट होत होती. त्याने किमान ७५,००० संगणक गाठले, आणि ज्यांत त्रुटी होती त्यांतले बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. खरे तर या त्रुटीवरची दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती. असंख्य ठिकाणी ती बसवलीच गेली नव्हती. म्हणजे सॉफ्टवेअर लवकर चढवता येणे ही केवळ वेळेची बचत नाही, ती सुरक्षिततेचीही बाब आहे. म्हणूनच स्थानिक साठा वेळोवेळी मूळ ठिकाणाशी ताडून पाहावा लागतो, आणि आलेली पुडी अस्सल आहे ना, हे तिच्यावरच्या अंकीय सहीवरून तपासावे लागते.

शाळेतला प्रयोग

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये सुरू झालेल्या क्लिक्स उपक्रमात शाळेतच सर्व्हर ठेवला गेला, कारण इंटरनेटचा भरवसा नव्हता. अकोल्यासारख्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेत दहा संगणक आहेत असे समजू. प्रत्येकावर ६०० मेगाबाइटचे सॉफ्टवेअर चढवायचे आहे आणि ओळीचा वेग सेकंदाला २ मेगाबिट आहे. दहाही संगणकांनी बाहेरून आणले तर लागतील ६ तास ४० मिनिटे. एकाने एकदाच आणले तर ४० मिनिटे. मग शाळेतल्या १०० मेगाबिटच्या तारेवरून दहा प्रती द्यायला फार तर ८ मिनिटे. एकूण ४८ मिनिटे.

हा हिशोब आठवीच्या मुलांना जमेल. आधी त्यांना उत्तराचा अंदाज करू द्यावा, मग हिशोब, आणि शेवटी घड्याळ लावून प्रत्यक्ष मोजणी. प्रत्यक्षातला वेळ हिशोबापेक्षा जास्तच भरेल. तो नेमका कुठे गेला, आणण्यात, घडवण्यात की सांगण्यात, हे मुलांनाच शोधू द्यावे.