स्नायुवाचन

स्नायुवाचन : समोरच्या माणसाने मनात धरलेली वस्तू, जागा किंवा कृती त्याच्या हाताच्या स्पर्शातून ओळखण्याची कला. मनात एखादी दिशा घट्ट धरली की हाताचे स्नायू त्या दिशेने किंचित कलतात आणि हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. हा कल टिपणे म्हणजे स्नायुवाचन. इंग्रजीत या कलेला मसल रीडिंग म्हणतात. कंबरलंडिझम आणि हेलस्ट्रॉमिझम ही तिची दुसरी नावे स्टुअर्ट कंबरलंड आणि अ‍ॅक्सेल हेलस्ट्रॉम या प्रयोगकारांवरून पडली. मेंटॅलिझमच्या, म्हणजे मनकवडेपणाच्या रंगमंचीय खेळांच्या, पोतडीत चिठ्ठ्या, खुणेचे पत्ते, आधीपासून फितवलेला साथीदार अशा पुष्कळ युक्त्या असतात. स्नायुवाचनाला यांतले काहीही लागत नाही. ते हातचलाखीत मोडत नाही. पोहण्यासारखे किंवा तबल्यासारखे ते अंगात मुरवावे लागणारे कसब आहे.

नेहमीचा प्रयोग असा असतो. कलावंताला सभागृहाबाहेर नेतात. प्रेक्षक एखादी किल्ली कुणाच्या तरी पिशवीत किंवा खुर्चीखाली लपवतात. कलावंत डोळ्यांवर पट्टी बांधून परत येतो. जागा ठाऊक असलेला एक प्रेक्षक त्याचे मनगट धरतो. तोंडाने काही बोलायचे नाही, मनातल्या मनात फक्त ‘पुढे’, ‘डावीकडे’, ‘थांब’ असे सांगत राहायचे, एवढीच त्याला सूचना असते. कलावंत झपझप चालू लागतो, रांगांमधून वळतो, थबकतो, वाकतो आणि किल्ली काढून देतो. कलावंत प्रेक्षकाला ओढत नेत आहे, असेच पाहणाऱ्यांना वाटते. खरे तर उलट चाललेले असते. लहान मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावे तसा प्रेक्षक कलावंताला नेत असतो. फक्त आपण गिरवून घेत आहोत, याचा त्याला पत्ता नसतो. कोण कोणाला नेते आहे, या एका प्रश्नाभोवती या कलेचे शास्त्र, शिक्षण आणि नीती या तिन्ही गोष्टी फिरतात.

या नकळत होणाऱ्या हालचालींना आयडिओमोटर हे नाव इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्ये दिले. एखाद्या हालचालीची नुसती कल्पना केली, तरी ती हालचाल पुसट स्वरूपात शरीरात सुरू होते, हे त्यामागचे तत्त्व. त्याआधी 1833 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी हातात धरलेल्या लंबकाविषयी हेच दाखवले होते. दोऱ्याला टांगलेले वजन आपोआप डोलते असे वाटते, पण डोळे बांधले की ते डोलणे थांबते. भुताखेतांच्या बैठकीत टेबले फिरतात, ती भोवती बसलेल्यांच्याच बोटांनी ढकलली जातात, हे मायकेल फॅरडे यांनी 1853 मध्ये साध्या यंत्ररचनेने सिद्ध केले. महाराष्ट्रात घरोघरी रात्री जागवून केले गेलेले प्लँचेटचे प्रयोग आणि पाणाड्याच्या तळहातावर उभा राहणारा नारळ ही याच घराण्यातली उदाहरणे आहेत. त्यांत बहुतेकदा कोणी मुद्दाम फसवत नसते. प्लँचेटच्या वाटीवर बोट ठेवणारा मनापासून सांगतो, की मी ढकलली नाही. तो खोटे बोलत नाही, त्याच्या बोटाने त्याला न विचारता ढकललेली असते.

रंगमंचावर ही कला आणली ती जॉन रँडल ब्राउन या अमेरिकन तरुणाने, 1870 च्या दशकात. लपवलेली टाचणी शोधून देणे हा त्याचा हातखंडा प्रयोग होता. त्याचे प्रयोग न्यूयॉर्कचे मज्जातंतुतज्ज्ञ जॉर्ज बीअर्ड यांनी बारकाईने तपासले आणि फेब्रुवारी 1877 च्या ‘पॉप्युलर सायन्स मंथली’त त्यांचा उलगडा केला. यात मन वाचले जात नसून स्नायू वाचले जातात, असे त्यांनी मांडले आणि मसल रीडिंग हे नाव रूढ झाले. ब्राउनच्या मागोमाग वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशप पुढे आला आणि त्याने या कसबाला नाट्य दिले. प्रेक्षकांनी खोटाखोटा खून करायचा आणि बिशपने डोळे बांधून बळी, हत्यार, जखमेची जागा आणि खुनी या सगळ्यांचा छडा लावायचा, हा त्याचा प्रयोग अतोनात गाजला. डोळे बांधून तो घोडागाडीही हाकत असे. 1881 मध्ये लंडनला जीवशास्त्रज्ञ जॉर्ज रोमेन्स, फ्रान्सिस गॉल्टन आणि रे लँकेस्टर यांनी त्याची परीक्षा घेतली. तिचा वृत्तांत ‘नेचर’मध्ये छापून आला आणि बिशपचे यश नकळत मिळणाऱ्या शारीरिक संकेतांवर उभे आहे, हा निष्कर्ष त्यात होता. 1889 मध्ये न्यूयॉर्कच्या लॅम्ब्ज क्लबमध्ये प्रयोग करतानाच तो कोसळला. त्याला प्रेतासारखी गुंगी येण्याचा विकार होता. त्याला मृत समजून शवविच्छेदन झाले तेव्हा मुलगा जिवंतच होता, असा आरोप त्याच्या आईने अखेरपर्यंत केला.

कंबरलंडची वाट वेगळी होती. त्याचे मूळ नाव चार्ल्स गार्नर. राजेरजवाड्यांपुढे आणि मंत्र्यांपुढे त्याने प्रयोग केले, ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचाही हात धरला. पण आपल्याला दैवी शक्ती नाही, हे तो उघड सांगत राहिला. आपण शरीर वाचतो, मन नाही, अशी त्याची भूमिका होती. विसाव्या शतकात बर्लिनच्या एरिक यान हानुसेनने मात्र हेच कसब भविष्यवेत्तेपणाच्या झगमगाटात गुंडाळले. 1933 मध्ये नाझींच्या हस्तकांनी त्याचा खून केला. पोलंडमध्ये जन्मलेल्या वोल्फ मेसिंगने सोव्हिएत रंगमंचावर हे प्रयोग दीर्घकाळ केले.

शिकण्याची सुरुवात स्वतःच्या शरीरापासून करावी. वीतभर दोऱ्याला अंगठी बांधावी, कागदावर अधिकचे चिन्ह काढावे, दोरा चिमटीत धरून अंगठी त्यावर टांगावी आणि हात स्थिर ठेवून ‘पुढे-मागे’ एवढाच विचार करावा. थोड्या वेळाने अंगठी डोलू लागते. आपल्याच बोटांनी आपल्याला न सांगता काम केले, हा अनुभव घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या हातावर विश्वास बसत नाही.

पुढची पायरी घरातल्या माणसासोबत करायची. टेबलावर वाटी, चमचा, किल्ली, पेन, काडेपेटी अशा पाच वस्तू हातभर अंतरावर मांडाव्यात. जोडीदाराने एक मनात धरून तुमचे मनगट पकडावे. पकड कशी असावी, याला फार महत्त्व आहे. बोटे मनगटाभोवती नीट वेढलेली असावीत, पण आवळलेली नसावीत. तुमचा कोपर वाकलेला आणि खांदा सैल असावा. बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातातला कासरा जसा ताणलेला नसतो आणि लोंबतही नसतो, तसा दोन हातांमधला दुवा हवा. तो सैल पडला की संदेश तुटतो आणि ताठ झाला की स्वतःच्या स्नायूंचा गोंगाट सुरू होतो. शिकणाऱ्याने जोडीदाराचे मनगट धरले तरी चालते, पण रंगमंचावर प्रेक्षकाने कलावंताला धरलेले अधिक निर्मळ दिसते.

नवशिक्या इथे हमखास एक चूक करतो. संदेश आपोआप येईल, म्हणून तो वाट पाहत उभा राहतो. संदेश येत नाही, तो विचारावा लागतो. हात किंचित उजवीकडे न्यावा. दिशा चुकीची असेल तर समोरचा हात जड होतो, मागे राहतो. बरोबर असेल तर तो हलका होतो, कधी कधी आपल्या पुढेही जातो. मग डावीकडे न्यावा आणि फरक जोखावा. प्रत्येक छोटी हालचाल हा एक प्रश्न आणि मिळणारा अडथळा किंवा मोकळीक हे त्याचे उत्तर. मुक्कामाच्या वर पोचल्यावर हात थांबू पाहतो, कुठल्याच बाजूला जायला राजी नसतो. तिथे खाली जावे. खाली जातानाही तोच प्रश्न पुन्हा विचारायचा असतो, कारण वस्तू कपाटाच्या माथ्यावर आहे की पायाशी, हे अजून कळलेले नसते.

टेबलावर जमू लागले की खोलीत यावे. आता चालायचे असते. कलावंत प्रेक्षकाच्या अर्धे पाऊल पुढे आणि जरा बाजूला राहतो. जागेवरच थोडे डोलून पहिली दिशा पकडायची आणि निघायचे. हळू गेले तर अधिक नीट कळेल, असे वाटते, पण अनुभव उलटा येतो. झपाट्याने चालताना प्रेक्षकाला स्वतःला आवरायला सवड मिळत नाही. वाट चुकली की त्याचा हात चटकन मागे ओढला जातो आणि ती ओढ ठळक असते. शिवाय वेग पाहणाऱ्यांनाही बांधून ठेवतो.

प्रेक्षकाला द्यायच्या सूचना हा शिक्षणाचा निम्मा भाग आहे आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. ‘वस्तूचा विचार करा’ असे सांगितले, तर तो किल्लीचा रंग आठवत बसतो आणि हाताला काहीच मिळत नाही. ‘मला वाट सांगा, दर पावलाला सांगा, मी चुकलो तर मनात ओरडा’ असे सांगावे. वस्तू नको, दिशा हवी. ज्याला प्रयोग यशस्वी व्हावा असे वाटते, ज्याचे डोळे आधीच लपवलेल्या जागेकडे धावतात, असा माणूस निवडावा. हसू न आवरणारा, दारू प्यालेला आणि बाह्या सरसावून पंजा लढवायला आलेला, असे तिघेही टाळावेत. आणि ज्याला जागा ठाऊकच नाही, त्याचा हात कितीही बोलका असला तरी त्यातून काही निघत नाही. बीअर्ड यांच्या उलगड्याची हीच साधी कसोटी आहे.

शिकणाऱ्याचा खरा शत्रू मात्र प्रेक्षक नव्हे, तर त्याचा स्वतःचा अंदाज. ‘बहुधा खिडकीपाशी असेल’ असे मनात आले, की शिकणाऱ्याचा हातही आयडिओमोटर नियमाने खिडकीकडे कलतो आणि स्वतःचीच ओढ तो प्रेक्षकाची समजून बसतो. या भुलीचे सर्वांत दुःखद उदाहरण रंगमंचाबाहेरचे आहे. बोलता न येणाऱ्या स्वमग्न मुलांचा हात धरून त्यांना अक्षरफलकावर लिहिते करण्याची ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ ही पद्धत 1990 च्या सुमारास अमेरिकेत झपाट्याने पसरली. मूल आणि साहाय्यक यांना वेगवेगळी चित्रे दाखवून चाचण्या घेतल्या, तेव्हा टंकले गेलेले शब्द साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे निघाले. साहाय्यक प्रामाणिक होते आणि आपण मुलाच्या मागे जात आहोत, असेच त्यांना मनापासून वाटत होते. म्हणून स्नायुवाचनाच्या सरावात प्रत्येक चुकीची नोंद ठेवावी, हात कुठे वळला आणि त्या क्षणी मनात काय होते, ते लिहावे. नुसत्या यशस्वी प्रयोगांवरून काही शिकता येत नाही.

पुढे सराव वाढवता येतो. भिंतीवर किंवा फळ्यावर 0 ते 9 अंक ओळीने लिहून त्यांवरून हात फिरवायचा आणि नोटेचा क्रमांक एकेक अंकाने काढायचा. हाताऐवजी रुमालाची दोन टोके दोघांनी धरायची. शेवटी स्पर्शच सोडायचा आणि पावलांचा आवाज, श्वास, मानेचा कल यांवर भागवायचे. सभागृहही मदत करते. कलावंत योग्य रांगेपाशी आला, की कुजबुज थांबते. स्पर्शाविना किती सूक्ष्म गोष्ट टिपता येते, हे बर्लिनच्या ‘क्लेव्हर हान्स’ या घोड्याने दाखवले. तो खुराने टापा देत गणिताची उत्तरे देई. मानसशास्त्रज्ञ ओस्कर फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये त्याचे गुपित उलगडले. बरोबर आकडा आला, की प्रश्न विचारणाऱ्याची मान नकळत किंचित वर होई आणि घोडा थांबे. फुंग्स्ट यांनी पुढे स्वतः घोड्याची जागा घेऊन, समोरच्या माणसांच्या अशाच हालचालींवरून त्यांनी मनात धरलेले आकडे ओळखून दाखवले.

तंत्रावर इंग्रजीत पुस्तके आहेत. डॅरिएल फिट्झकी यांचे 1935 मधले पुस्तक आणि अलीकडच्या काळातले मेंटॅलिस्ट बॅनाचेक यांचे लेखन अभ्यासकांच्या हातात असते. पण वाचून हे येत नाही. नव्या नव्या माणसांचे हात धरावे लागतात, कारण प्रत्येक हाताची बोली वेगळी असते.

या कलेचा दावा काय करावा, हा प्रश्न कलावंताला टाळता येत नाही. प्रेक्षकाने विश्वासाने आपला हात त्याला दिलेला असतो. तेच कसब वापरून हरवलेले माणूस, चोरीचा माल किंवा घरातला ‘करणी’ करणारा शोधून देतो, असे सांगणारा माणूस निष्पापांवर आळ आणू शकतो, कारण जो हात धरला आहे, त्या हाताच्या मालकाचा संशयच त्याला वाचता येतो. महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे गुन्हा ठरवले आहे. कंबरलंडसारखे स्पष्ट बोलणे इथे सुरक्षित आहे आणि कलेला शोभणारेही आहे. रहस्य उघड केले तरी प्रयोगाची गोडी कमी होत नाही. आपला हात आपल्याला न विचारता बोलला, हे कळल्यावर माणूस अधिकच थक्क होतो.

चूक होणे या कलेच्या स्वभावातच आहे. अमेरिकन मेंटॅलिस्ट क्रेस्किन (1935–2024) आपल्या मानधनाचा धनादेश प्रेक्षकांकरवी सभागृहात लपवून घेत आणि तो शोधून काढत. सापडला नाही, तर मानधन सोडून द्यायचे, अशी त्यांची अट असे. दीर्घ कारकिर्दीत काही वेळा तो सापडला नाही आणि त्यांनी ते मानधन सोडले.