‘कमी घातक’ : एका शब्दप्रयोगाचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजवटी आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज मी आपल्यापुढे दोन शब्दांचा इतिहास मांडणार आहे. ‘कमी घातक’ हे ते शब्द. सत्तर वर्षांहून अधिक काळ तंबाखूच्या व्यापाराने हा आशय नाना रूपांत वापरला. विकणाऱ्याने काय सांगितले आणि ऐकणाऱ्याने काय ऐकले, यांतील अंतर हा माझा विषय आहे.

१९५० साली अमेरिकेत विंडर व ग्रॅहॅम यांनी आणि ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या मनात धास्ती बसली. या धास्तीला कंपन्यांनी दिलेले उत्तर म्हणजे फिल्टर. १९५२ मध्ये लोरिलार्ड कंपनीने ‘केंट’ ही सिगारेट आणली आणि तिचा ‘मायक्रोनाइट’ फिल्टर आरोग्याचे रक्षण करतो अशी जाहिरात केली. १९५६ पर्यंत त्याच फिल्टरमध्ये निळे ॲस्बेस्टॉस होते, आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू स्वतःच कर्करोगास कारण होतात! पुढे ४ जानेवारी १९५४ रोजी कंपन्यांनी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक संयुक्त निवेदन छापून आपला माल आरोग्यास अपायकारक नसल्याचा विश्वास प्रकट केला. १९५० मध्ये अमेरिकेतील खपात फिल्टरच्या सिगारेटी शेकडा एकही नव्हत्या. दहा वर्षांत त्या निम्म्यावर पोहोचल्या.

त्यानंतर आल्या ‘लाइट’ सिगारेटी. १९६७ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या प्रयोगशाळेत टार आणि निकोटिन यंत्राने मोजले जाऊ लागले. यंत्र मिनिटाला एक झुरका घेई. तो दोन सेकंदांचा आणि ३५ मिलिलिटरचा. कंपन्यांनी फिल्टरभोवतीच्या कागदाला सूक्ष्म छिद्रे पाडली. त्यांतून हवा आत येई, धूर पातळ होई आणि यंत्रावरचा आकडा उतरे. पण माणूस म्हणजे यंत्र नव्हे. त्याच्या शरीराला निकोटिनची ठरावीक मात्रा हवी असते. ती मिळावी म्हणून तो अधिक खोल आणि अधिक वेळा झुरके घेतो, नकळत बोटांनी वा ओठांनी ती छिद्रे झाकतो. अशा सिगारेटींमुळे सार्वजनिक आरोग्याचा काही लाभ झाल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये काढला. आणि हे सारे कंपन्यांना आधीपासून ठाऊक होते, असा निर्णय न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ मध्ये दिला.

या व्यवहारात फसला तो बेफिकीर मनुष्य नव्हे. बेफिकिराला ‘लाइट’ची गरजच नव्हती. फसला तो प्रकृतीची काळजी करणारा, सिगारेट सोडण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला मनुष्य. आपण निम्मी वाट चाललो असे समाधान त्याला मिळाले आणि तो तेथेच थांबला. मला या इतिहासातील खरी हानी ही वाटते.

२०१० पासून अमेरिकेत पाकिटांवरून ‘लाइट’, ‘माइल्ड’ हे शब्द कायद्याने हद्दपार झाले. तेव्हा ‘मार्लबोरो लाइट्स’चे नाव ‘मार्लबोरो गोल्ड’ झाले. शब्दाचे काम रंगाने चालू ठेवले.

आता तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे आली आहेत. त्यांच्या वाफेत धुरापेक्षा काही विषारी द्रव्ये कमी असतात, हे मान्य केले पाहिजे. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘आयकॉस’ या उपकरणाला विषारी द्रव्यांशी ‘संपर्क कमी’ होतो एवढे म्हणण्याची मुभा दिली. ‘धोका कमी’ होतो असे म्हणण्याची मात्र दिली नाही. प्रशासनाच्या लेखी या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. दुकानासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते जाणवेल काय? भारताने २०१९ मध्ये ई-सिगारेटबरोबर अशा उपकरणांवरही बंदी घातली.

हा दूरदेशीचा इतिहास म्हणून आपण निश्चिंत राहू नये. आपला सीमाभाग निपाणीच्या तंबाखूवर पोसलेला आहे. आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना चांगली, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. ओढण्याला व्यसन म्हणणाऱ्या घरांतही मशेरी लावणे व्यसनात धरले जात नसे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये केंद्र सरकारने बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र कोणता कायदा चालणार? तेथे जाहिरात करणारी कंपनी नव्हती. समजूत आमचीच होती.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ‘कमी’ हा तुलनेचा शब्द आहे. तो कानी पडताच तीन गोष्टी विचाराव्यात : कशापेक्षा कमी, मोजले कोणी, आणि मोजताना झुरका यंत्राचा होता की माणसाचा?