डीप लिंक सेवा बदलताना काय पाहावे?

व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर टॅप केले की ॲपमधले नेमके तेच पान उघडते. अशा लिंकला डीप लिंक म्हणतात. अशा लिंक बनवून देणारी गुगलची ‘फायरबेस डायनॅमिक लिंक्स’ ही मोफत सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली. तिच्या ‘पेज डॉट लिंक’ पत्त्यांवरचे छापील क्यूआर कोडही त्यामुळे निकामी झाले.

आता पर्याय दोन:

फोनमधली सोय: अँड्रॉइडच्या ॲप लिंक्स आणि आयफोनच्या युनिव्हर्सल लिंक्स मोफत आहेत. त्यासाठी वेबसाइटवर एक छोटी फाइल ठेवावी लागते. मात्र ॲप नव्याने इन्स्टॉल केल्यावर त्या मूळ पानावर आपोआप नेत नाहीत.

तयार सेवा: ब्रँच, ॲप्सफ्लायर, ॲडजस्ट यांसारख्या सेवा तेही करतात आणि कोणत्या जाहिरातीतून किती इन्स्टॉल आले हेही मोजतात. वापर वाढला की खर्च वाढतो, म्हणून दर आधी तपासावेत.

सेवा कोणतीही घ्या, लिंक स्वतःच्या डोमेनवरच ठेवा आणि कोणती लिंक कुठे जाते याची यादी जपा. मग उद्या ही सेवाही बंद पडली, तरी तेच पत्ते दुसरीकडे वळवता येतील.