प्रवेशअर्जातील एक रकाना

महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात विद्यार्थ्याच्या वडिलांचे जन्मस्थळ कशासाठी विचारावे? आपण पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर वसलेली माणसे. 'मूळ गाव' हा रकाना भरताना लेखणी क्षणभर थबकते, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव असेल. कचेऱ्यांची ती एक जुनी सवय आहे असे मानून आपण पुढच्या रकान्याकडे वळतो. अमेरिकेत मात्र या प्रश्नाचा जन्म केव्हा आणि कोणत्या हेतूने झाला, याच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्या वाचल्यावर ही केवळ सवय होती असे म्हणवत नाही.

१८८१ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि तेथील ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ल्यांचे सत्र सुरू झाले. १८८७ मध्ये झारशाहीने शिक्षणसंस्थांत ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घातली. ज्यूंना राहण्यासाठी नेमून दिलेल्या पश्चिमेकडील मुलखात शेकडा १०, त्याबाहेर ५ आणि मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग येथे अवघे ३, असे ते प्रमाण होते. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातील वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. दारिद्र्य आणि भय ही त्यांच्या स्थलांतराची मुख्य कारणे खरीच. परंतु मुलांसाठी बंद झालेली शाळेची दारेही अनेकांच्या मनात होती.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना एक उघडे दार सापडले. टाउनसेंड हॅरिस या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने, नागरिकांचा कौल घेऊन, १८४७ साली त्या शहराने 'फ्री अकॅडमी' स्थापन केली होती. (हेच हॅरिस पुढे जपानमधील पहिले अमेरिकी वाणिज्यदूत झाले.) १८६६ पासून ती सिटी कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथे शिक्षणशुल्क नव्हते. पात्रतेपुरते गुण असले की पुरे. मुलींसाठी १८७० साली निघालेली, पुढे हंटर कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आलेली संस्थाही अशीच विनाशुल्क होती.

फुकट म्हणजे सर्वांना सुलभ, असे मात्र नव्हे. शिलाईच्या कारखान्यात राबणाऱ्या कुटुंबाला मुलाचे शुल्क पडत नसले, तरी त्याची मजुरी बुडत असे. बहुतेक मुले लहानपणीच कामाला लागत. ज्या एखाद्याला पुढे शिकता येई, त्याच्यामागे बहुधा थोरल्या भावंडांची कमाई उभी असे. यशस्वी पुरुषांच्या चरित्रांत या भावंडांना, विशेषतः बहिणींना, एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ. आपल्या घराण्यांच्या वंशावळींतही याहून निराळे काय घडले आहे?

या मुलांनी शहरातील महाविद्यालय गाठले तोवर कुणाची तक्रार नव्हती. तीच मुले प्रतिष्ठित विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊ लागली, तेव्हा चित्र पालटले. हार्वर्डमध्ये १९०० साली ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते. १९२२ मध्ये ते २१.५ टक्के झाले. कोलंबिया विद्यापीठ तर त्यांच्याच शहरात होते आणि तेथील प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात गेले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर जेथे दाखल झाले, तेच हे कोलंबिया. त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांत तेथील प्रवेशाची रीत बदलली. अर्जात धर्म आणि वडिलांचे जन्मस्थळ विचारले जाऊ लागले, छायाचित्र मागितले गेले, मुलाखत सुरू झाली. दोनेक वर्षांत ते ४० टक्के २२ वर आले.

हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल हे अधिक उघड बोलणारे गृहस्थ. ज्यूंची संख्या मर्यादित ठेवली नाही तर त्यांच्याविषयीचा द्वेष वाढेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. द्वेषाच्या भीतीने द्वेष करणाऱ्याचेच काम आपण हाती घ्यावे, हे तर्कशास्त्र थक्क करणारे आहे! १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने अशी मर्यादा स्पष्टपणे नाकारली. मात्र १९२२ च्या शरद ऋतूतच नवा अर्ज अवतरला होता. वंश व वर्ण, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचे जन्मस्थळ, हे सारे त्यात होते. आणि जन्मानंतर तुमच्या अथवा वडिलांच्या नावात काही बदल झाला असल्यास त्याचा पूर्ण खुलासा करा, असाही प्रश्न होता. नोकरीसाठी नाव सुटसुटीत करून घेतलेल्या बापाचा मुलगा येथे अचूक सापडे. १९२५ मध्ये प्रमाण २७ टक्क्यांवर गेल्यावर पुढील वर्षी एकूण प्रवेशांवरच मर्यादा आली आणि 'चारित्र्य' व व्यक्तिमत्त्व या कसोट्यांना महत्त्व मिळाले. काही वर्षांतच ज्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावले. मर्यादेचा नियम कुठेही लिहिला गेला नाही. तो लिहिण्याची गरज उरली नव्हती.

आज ज्या मुलाखती, शिफारसपत्रे आणि सर्वांगीण व्यक्तिमत्त्वाचा विचार ही अमेरिकी प्रवेशपद्धतीची उदारता मानली जाते, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी या चाळणीत आहे.

चाळणीतून खाली पडलेल्यांपैकी काहींची नावे जगाला ठाऊक आहेत. रिचर्ड फाइनमन यांना कोलंबियाने नाकारले आणि १९३५ साली ते एम.आय.टी.त गेले. ज्यूंसाठीची मर्यादा आड आली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. जूलियस ॲक्सेलरॉड यांचे वडील दुकानदारांसाठी टोपल्या विणत. मुलगा १९३३ साली सिटी कॉलेजचा पदवीधर झाला, पण एकाही वैद्यकीय महाविद्यालयाने त्याला घेतले नाही. प्रयोगशाळेत नोकरी करीत त्यांनी १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९७० मध्ये नोबेल पारितोषिक. रोझलिन यॅलो यांच्या आईवडिलांना हायस्कूलचेही शिक्षण मिळाले नव्हते. १९४१ साली हंटरमधून पदवी घेण्याच्या सुमारास त्यांच्या अर्जाला एका विद्यापीठाकडून उत्तर आले, त्याचा आशय असा होता की मुलगी न्यूयॉर्कची, ज्यू, शिवाय स्त्री. पुढे नोकरीची हमी कोणी देत असेल तर विचार करू. १९७७ चे नोबेल त्यांच्याकडे आले. पारितोषिक न मिळालेल्या हजारोंचा हिशेब कोणत्याही ग्रंथात नाही.

१९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा करून प्रवेशातील असा भेदभाव निषिद्ध ठरवला. जमैकाहून आलेल्या दांपत्याचा मुलगा कॉलिन पॉवेल १९५४ साली कॉलेजात गेला, तेव्हा त्याच्यापुढे दोन पर्याय होते: खासगी विद्यापीठाचे वार्षिक ७५० डॉलर, किंवा सिटी कॉलेजचे १० डॉलर. निवड करण्यास वेळ लागला नसावा.

तथापि सिटी कॉलेजची गुणांची कसोटीही निर्दोष नव्हती, हे नमूद करणे भाग आहे. १९०७ पासून ते हार्लेमच्या टेकडीवर उभे होते आणि पुढे भोवतालची वस्ती कृष्णवर्णीयांची झाली. पण त्या वस्तीतली मुले आत फारशी दिसत नसत. त्यांच्या शाळाच निकृष्ट होत्या. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय व पोर्तो रिकोच्या विद्यार्थ्यांनी आवार ताब्यात घेतले. १९७० पासून शहरातील प्रत्येक हायस्कूल-उत्तीर्ण मुलाला नगर विद्यापीठात जागा मिळू लागली. मग १९७५ चे आर्थिक संकट आले आणि १९७६ मध्ये, जवळजवळ सव्वाशे वर्षे चालत आलेले विनामूल्य शिक्षण संपले. ज्यांच्यासाठी दार रुंद केले होते ते आत येताच उंबरठ्यावर शुल्क बसले, याला केवळ योगायोग म्हणणे प्रस्तुत लेखकाला जड जाते.

'व्यक्तिमत्त्वा'चा रकाना पुन्हा न्यायालयात गाजला. आशियाई वंशाच्या मुलांना हार्वर्डमध्ये त्यात कमी गुण दिले जातात, असा वादींचा आरोप होता. २०१९ मध्ये खालच्या न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभाव मानला नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. आपल्या जीवनावर वंशाचा काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिण्यास मात्र न्यायालयाने हरकत घेतलेली नाही. त्यामुळे वडील कोणत्या देशात जन्मले आणि येथे येऊन त्यांनी काय सोसले, हे आता अनेक मुले कोणी न विचारताच लिहितात, आणि आईवडिलांचे शिक्षण कुठवर झाले या छापील प्रश्नापुढे 'महाविद्यालयात गेले नाहीत' असे उत्तर नोंदवतात.