‘हाती’: गज कीं हस्त?

जुन्या मोडी कागदांत ‘हाती’ हा शब्द आला कीं आम्ही थबकतों. आज ज्यास ‘हत्ती’ लिहितात त्याचें हें जुनें रूप. ‘सप्त’चें ‘सात’, तसें ‘हस्ती’चें ‘हाती’. ऋग्वेदांत हा पशु ‘मृग हस्ती’, म्हणजे हात असलेला पशु, अर्थात् सोंडेमुळें! परंतु ‘मार्फत’ या अर्थींचें ‘हातीं’ही मोडींत अनुस्वार गळून असेंच दिसतें. ‘सरदाराचे हाती पाठविले’ एवढेंच वाक्य घ्या. सरदाराचे गज रवाना झाले, कीं त्याच्या हस्तें कांहीं पाठविलें? ‘पाठविलें’वरचा अनुस्वारही गेलेला, तेव्हां क्रियापदाची साक्ष निरुपयोगी. मागेंपुढें माहूत वा चारा यांचा उल्लेख असल्यास गज मानावा. तो नसल्यास बाळबोध प्रत करतांना पदरचा अनुस्वार घालूं नये, मूळ अक्षर तसेंच ठेवावें.