काँग्रेस गवताची खाज

पाऊस लागला की आपल्या नगर जिल्ह्यात बांधावर, कॅनॉलच्या कडेला पांढऱ्या बारीक फुलांचं गवत कमरेएवढं वाढतं. काँग्रेस गवत, कुणी गाजर गवत म्हणतं. बाजरीत, कांद्यात खुरपायला गेलेल्या बाईच्या पापण्या सुजतात, मान आणि कोपराची घडी खाजून खाजून काळी पडते. घरात म्हणतात, उष्णता झाली. मग वांगं बंद, दही बंद. खाज तशीच.

या खाजेचं कारण आपल्या शेजारी, पुण्यात सापडलं. गवत मूळचं मेक्सिकोकडचं. पुण्यात ते दिसल्याची नोंद 1956 साली छापून आली. परदेशी धान्यातून बी आलं, असं सांगतात. पुढच्या काही वर्षांत पुण्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे चेहरा-मान सोललेली माणसं येऊ लागली. 1974 साली डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी हा आजार लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य अंगाला सोसत नाही. वाळलेल्या गवताची धूळ उडाली तरी पुरतं.

भारतातल्या बहुतेक नोंदींत पुरुष रुग्ण जास्त दिसतात. आम्हाला यावर प्रश्न पडतो: दवाखान्यापर्यंत पोचलं कोण? रोज बुडवून पापणी दाखवायला किती जणी जातात?

ओळखण्यासाठी पॅच टेस्ट असते. गवताचा अर्क पट्टीखाली पाठीवर लावतात, दोन दिवसांनी पट्टी काढतात, पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तिथे लाल होऊन फोड आले, तर कारण कळलं. सुई नाही, दुखत नाही. पाठ मात्र तेवढे दिवस भिजवायची नाही. जाताना डॉक्टरांना दोन गोष्टी सांगाच: खाज कोणत्या महिन्यात वाढते, आणि झाकलेल्या अंगावर कमी असते का. मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब मनानं महिनोन् महिने चोळू नका, कातडी पातळ पडते.

गवत खाणारा मेक्सिकन भुंगा 1984 पासून देशात सोडला गेला. पावसाळ्यात तो पानं फस्त करतो, पाऊस सरला की मातीत दडतो आणि गवत पुन्हा डोकं काढतं. म्हणून फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं. जिला खाज आहे तिनं या कामाला जायचं नाही. तिचा वाटा घरातल्या दुसऱ्या कुणी उचलायचा.