नाकारलेल्या मान्यतेतून जन्मलेला पेशा

अमेरिकेतला फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या मदतनिसाचा, पेशा एका नकारातून जन्मला, आणि तो नकार मान्यता देणाऱ्या संस्थेचाच होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे प्रमुख युजीन स्टेड आणि परिचर्या शिकवणाऱ्या थेल्मा इंगल्स यांनी अनुभवी परिचारिकांसाठी एक वरच्या पातळीचा अभ्यासक्रम आखला. त्यात परिचारिकांनी डॉक्टरांच्या बरोबरीने रुग्ण तपासायचा आणि निदानाचा विचारही करायचा होता. नॅशनल लीग फॉर नर्सिंगने त्याला मान्यता दिली नाही. त्यात परिचर्या कमी आणि वैद्यक जास्त आहे, शिवाय शिकवणारेही डॉक्टर आहेत, असा तिचा आक्षेप होता. स्टेड यांनी मग नौदलातून परतलेल्या कोअरमनकडे, म्हणजे वैद्यकीय मदतनिसांकडे, मोर्चा वळवला. १९६५ मध्ये असे चौघे घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यातले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. स्त्रियांना नाकारलेले दार पुरुषांसाठी उघडले आणि ते बंद करणारी संघटना परिचारिकांचीच होती, ही गंमत इतिहासात सहसा कोपऱ्यातच राहते. आज या पेशात बहुसंख्य स्त्रियाच आहेत.

पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा या पेशाला ना राष्ट्रीय परीक्षा होती, ना मान्यतेची यंत्रणा. स्टेड यांच्यासमोर नमुना होता तो गार्लंड या लहानशा गावातल्या एमॉस जॉन्सन या डॉक्टरांचा. त्यांनी आपल्या मदतनिसाला स्वतःच इतके तयार केले होते की डॉक्टर गावाबाहेर असले तरी दवाखाना अडत नसे. कागदाआधी काम आले, आणि मान्यतेची पहिली चौकटही या कामावरूनच बेतली गेली. १९७१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा अभ्यासक्रमांचे किमान निकष मंजूर केले. त्यांनी विशिष्ट पदवीची अट घातली नाही. शिकून बाहेर पडणाऱ्याला काय करता आले पाहिजे, हे त्यांनी मुख्यतः सांगितले. त्यामुळे वेस्ट व्हर्जिनियातल्या आल्डर्सन-ब्रॉडस महाविद्यालयाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ मध्ये सुरू केलेला मेडेक्स एकाच पंगतीत बसू शकले. मेडेक्समध्ये वर्गातले शिक्षण काही महिन्यांचे असे आणि पुढचे वर्षभर विद्यार्थी एखाद्या ग्रामीण डॉक्टरच्या हाताखाली काम करी. त्याच डॉक्टरने पुढे त्याला आपल्याकडे ठेवून घ्यावे, ही मूळ कल्पना. म्हणजे निकाल दवाखान्यात लागायचा आणि परीक्षक पगार देणारा असायचा.

माझे म्हणणे असे, की मान्यतेने हा पेशा उभा केला आणि त्याच मान्यतेने पुढे त्याचे माप बदलले. पहिला भाग निर्विवाद आहे. १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली, १९७५ मध्ये प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र संस्था आली, आणि राज्यांच्या कायद्यांना बोट ठेवायला जागा मिळाली: मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करा, परीक्षा द्या, परवाना घ्या. हा आधार नसता तर प्रत्येक राज्यात डॉक्टरांच्या संघटनांशी नव्याने भांडावे लागले असते. सुरुवातीची परीक्षाही मोकळ्या मनाची होती. औपचारिक अभ्यासक्रम न केलेल्या, कामातून शिकलेल्या माणसांनाही ती देता येई, आणि तिच्यात प्रत्यक्ष शरीरतपासणीचा भाग असे. अनौपचारिक वाटेने येणाऱ्यांसाठी हे दार १९८६ मध्ये बंद झाले. पुढे प्रात्यक्षिकही गळाले आणि उरली ती लेखी परीक्षा.

मग मान्यतेचा डोळा त्या परीक्षेच्या निकालावर स्थिरावला. २००१ पासून मान्यता देण्याचे काम एआरसी-पीए ही स्वतंत्र संस्था करते. पहिल्या प्रयत्नात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, याचे पाच वर्षांचे आकडे अभ्यासक्रमाने जाहीर करायचे, आणि एखाद्या तुकडीचा निकाल ८५ टक्के किंवा त्याखाली गेला तर कारणमीमांसा सादर करायची, असा तिचा नियम. नियम वाजवी दिसतो, पण जरा हिशोब करून पाहावा. ३० जणांच्या तुकडीत चौघे नापास झाले तर निकाल ८६.७ टक्के, पाचवा नापास झाला की ८३.३. एका विद्यार्थ्यावर सगळे फिरते. अशा वेळी वयाने मोठा, गावाकडचा, कामात तरबेज पण लेखी परीक्षेत अडखळणारा उमेदवार समोर आला, तर प्रवेश समितीच्या मनात काय येईल? आपल्याकडे नॅकची समिती यायची म्हटली की भिंतींना रंग लागतो. तिथे रंग प्रवेशयादीला लागण्याचा धोका आहे.

यावर पहिला आक्षेप रुग्णाच्या बाजूने येईल. औषध लिहून देणाऱ्या माणसाची किमान पात्रता मोजायला सर्वांना समान असे दुसरे काय आहे? आक्षेप खरा आहे, आणि परीक्षा काढून टाका असे मी म्हणत नाही. पण परीक्षा एकेका व्यक्तीला आत घ्यायचे की नाही हे ठरवते. नापास झालेला तसाही परवान्याविना राहतो. तोच आकडा संस्थेच्या गळ्यात बांधला की रुग्णाचे संरक्षण फारसे वाढत नाही, संस्थेची धास्ती मात्र वाढते. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: आपले ध्येय ठरवण्याची आणि ते साधल्याचा पुरावा जाहीर करण्याची मुभा, खरे तर सक्तीच, मान्यतेच्या नियमांत आहे, आणि अलीकडे मध्येच गळालेल्या विद्यार्थ्यांचे आकडेही प्रसिद्ध करावे लागतात. हेही खरे. मात्र ध्येय ज्याचे त्याने ठरवायचे आणि ८५ ची रेघ सर्वांसाठी एकच. कचाट्यात सापडलेली संस्था कशाला आधी जपेल, हे सांगायला नको.

पदवीचेही तसेच झाले. अभ्यासक्रम पदव्युत्तर अभ्यासक्रमांइतकेच जड झाले होते, तेव्हा त्यांना पदव्युत्तर दर्जा देणे न्यायाचे होते, असे समर्थक म्हणतात, आणि तासांचा हिशोब त्यांच्या बाजूचा आहे. पण २०२० नंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला पदव्युत्तर पदवीच्याच वाटेने जाणे भाग पडले. आधी पदवी, मग महागडे पदव्युत्तर शिक्षण आणि त्याचे कर्ज. असा माणूस जास्त पगाराच्या शस्त्रक्रिया विभागाकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा? पगार आणि नोकऱ्यांचा बाजार हेही कारण आहेच, सगळे खापर मान्यतेवर फोडता येणार नाही. तरीही पेशा जन्माला आला तो गावच्या प्राथमिक उपचारांची वाण भागवण्यासाठी, आणि आज त्या क्षेत्रात उरले आहेत साधारण चौथा हिस्सा.

मराठी वाचकाला हा पेच अनोळखी नाही. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एलसीपीएस ही पदविका घेतलेले डॉक्टर एके काळी आपल्या तालुक्यांत सर्रास दिसत. १९४६ मध्ये भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, विद्यापीठाची पदवी घेतलेला डॉक्टर हवा असे ठरवून पदविकेच्या डॉक्टरांची वाट बंद करण्याची शिफारस केली. मधली पायरी भारतात परतली ती १९९२ मध्ये, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये के. एम. चेरियन यांनी सुरू केलेल्या फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमातून, पण हृदयशस्त्रक्रियेच्या मोठ्या रुग्णालयात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या पेशाला सहायक आरोग्य व्यवसायांच्या यादीत जागा दिली.